नाकात शिसं भरलेलं विमान

विमान मी बांधलं. गावात कुणी सांगतं मुलीनं बांधलं, कुणी सांगतं दुकानातून तयार आणलं, आणि एकजण तर सांगतो की सरकारनं पाठवलं. सरकारकडून आमच्या गल्लीत खांबावरचा दिवा यायचा राहिलाय, ते विमान कुठलं पाठवतंय. म्हणून आधीच लिहून टाकते. शिक्षण माझं चौथीपर्यंत. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि मधे ओढा होता, म्हणून सुटली. त्याचं मला फार काही वाटलेलं नाही.

आमचं गाव सातारच्या बाजूला. ऊस आणि फौज, दोनच पिकं. दोन वर्षांपूर्वी गावानं देवळामागची जुनी खोली रंगवली, तिथं भिंतभर काचेचं कपाट केलं, आणि ठरवलं की ज्या घरातला माणूस फौजेत होता त्या घरानं त्याची एक वस्तू द्यायची. कुणी पदक दिलं, कुणी टोपी, कुणी बूट. एकानं आपल्या मांडीतून काढलेला लोखंडाचा तुकडा बाटलीत घालून दिला. बघायला सगळ्यात जास्त गर्दी त्याच्यापुढं असते. कपाटाची किल्ली माझ्या दिराकडे. दीर पायदळात होता, लढाई बघून आलेला आहे. किल्ली करगोट्याला बांधून हिंडतो आणि बोलताना मधूनमधून वाजवतो.

मालक म्हणजे माझा नवरा, हवाई दलात होते. विमान चालवत नव्हते. माल आणि माणसं नेणारं एक जाडजूड, दोन पंख्यांचं विमान होतं, ते नीट आहे की नाही हे बघायचं त्यांचं काम. बाकीच्यांनी दुरुस्ती केली की शेवटी हे बघणार, आणि हे ठीक आहे म्हणेपर्यंत विमान जागचं हलायचं नाही. अठरा वर्षं तेच केलं. पण कपाटात द्यायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. कामाची हत्यारं नोकरीतून सुटताना जमा केलेली. पदक नाही. एक फोटो आहे, त्यात निम्मं तोंड दुसऱ्याच्या टोपीमागं गेलंय.

"दादा, तुझं काय ठेवू मग?" दिरानं भर पारावर विचारलं. "पाना ठेवू का? आमी तिकडं गोळ्या खाल्ल्या, तू हिकडं नट पिळलंस."

"नट पिळलं म्हणून तुजं राशन डोंगरावर पोचलं, गड्या," मालक म्हणाले.

सगळे हसले, मालकही हसले. पण घरी येऊन एक भाकरी कमी खाल्ली. आणि दोन दिवसांनी सांगितलं की ज्या विमानावर काम केलं तेच विमान कपाटात ठेवायचं. लहान. तुकडे मिळतात, आपण जोडायचं, रंगवायचं, अगदी खऱ्यासारखं होतं. दिरानं ऐकून घेतलं आणि मधला कप्पा राखून ठेवला.

"पर चैत्रातल्या जत्रेपतूर, दादा. त्या दिवशी पाव्हणं बगायला येणार. कप्पा मोकळा दिसला तर खालच्या आळीला देणार. त्यांचं हेल्मेट कवाचं दारात येऊन बसलंय."

एवढाच प्रश्न होता. कप्पा मालकांचा का हेल्मेटाचा.

आता मालकांचे हात कापतात. दोन-तीन वर्षं झाली. आधी चहा सांडायचा, मग बटणं लागेनात, मग आवाजही बारीक झाला. मिरजेच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हातापायाच्या आणि आवाजाच्या व्यायामाला आठवड्यातून दोनदा या म्हणून सांगितलं. म्हणून संक्रांत झाल्यावर आम्ही सांगलीला, विश्रामबागेत मुलीच्या फ्लॅटवर राहायला गेलो. तिनं फोनवरून विमान मागवलं.

खोकं आलं. झाकणावर विमान ढगातून चाललेलं, खाली डोंगर, लय झोकात. आत बघितलं तर राखाडी प्लास्टिकच्या चौकटी आणि चौकटींना लटकलेले तुकडे, काही पळीएवढे, काही तिळाएवढे. आणि एक घडीचा कागद, त्यावर चित्रं, आकडे, बाण. मालक चष्मा पुसून बसले. पहिल्या दिवशी त्यांनी पुढच्या चाकाचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी डिंकाची बाटली चादरीवर ओतली. तिसऱ्या दिवशी झाकण लावलं आणि मुलीला म्हणाले, "माळ्यावर टाक."

तिथून पुढं टीव्ही. सकाळी टीव्ही, दुपारी टीव्ही, तेच लोक तेच भांडतायत. फ्लॅटमधे मला काम नव्हतं. भांड्याला बाई, झाडायला बाई, स्वयंपाक मुलगी घाईत उरकून जायची. मी आणि तो टीव्ही. चौथ्या दिवशी मी स्टूल घेतलं आणि खोकं खाली काढलं.

"तुला काय कळणार त्यातलं?" मालक म्हणाले.

"चित्रं हाईत नव्हं? चौथीपतूर मी चित्रंच बगत होते."

"ते मोडशील."

"मोडायचं जे व्हतं ते तुमी मोडलंय."

मी टीव्ही बंद केला. त्यांनी विरोध केला नाही.

कागद वाचायला अवघड नव्हता. आकडे बघायचे, त्या आकड्याचा तुकडा चौकटीत शोधायचा, बाण दाखवेल तिकडं लावायचा. स्वेटरचा नमुना जिनं कधी बघून विणलाय तिला हे जमेल. तुकडे मी नेलकटरनं कापायला लागले. कापल्यावर जो कंगोरा राहतो तो पॉलिश पेपरनं घासायचा. डिंक बाटलीच्या झाकणात घेऊन रांगोळीच्या काडीनं लावायचा, नाहीतर बदाबदा येतो. मालक खुर्चीत, मी खाली चटईवर. प्रत्येक जोड झाला की तो त्यांच्या डोळ्यासमोर धरायचा. फोनची बत्तीही मीच धरायची, कारण त्यांनी धरली की उजेड भिंतीवर नाचायचा.

आणि हा माणूस खूश झाला की हिंदीत बोलतो, हे मी विसरले होते.

"दुबारा करो."

"काय झालं?"

"फट हाय."

"कुठाय फट?"

"हितं. केस जाईल."

"कुणाचा केस? तुमच्या डोक्यावर एक न्हाई."

"दुबारा करो."

"मराठीत बोला, न्हाईतर चा मिळायचा न्हाई."

पण फट असायची. मी शिव्या देत पुन्हा करायची. एकदा पंखा गच्च चिकटवला, फिरेना. मला वाटलं, शोभेचं तर आहे, फिरून कुठं जायचंय. त्यांनी तो परत काढायला लावला. तिसऱ्या वेळेला फुंकर मारल्यावर भिरभिरला तेव्हा मान हलवली. शाबासकी नाही. शाबासकी द्यायची या माणसाला सवयच नाही. माझ्या हातचं खाऊन पन्नास वर्षं झाली, अजून चव कशी आहे ते कळवलेलं नाही.

रंग द्यायची वेळ आली तेव्हा मात्र मीच त्यांना शिकवलं. ते म्हणत होते ब्रश भरून घे आणि एकदाच ओढ. मी लहानपणापासून जमीन सारवलीय. सारवण एकदम जाड दिलं की वाळताना भेगा पडतात. पातळ घ्यायचं, पहिला हात उभा, तो वाळला की दुसरा आडवा. विमानालाही मी तसाच रंग दिला, पातळ, उभा आणि आडवा. ब्रशाचा एक ओघळ दिसला नाही. मालकांनी बत्ती लावायला सांगितली, सगळीकडून बघितलं, आणि काहीच बोलले नाहीत. याचा अर्थ चांगलं झालं होतं.

आता माझी चूक सांगते.

होळी झाली होती, ऊन तापायला लागलं होतं. त्या इमारतीच्या गच्चीवर बायकांची वाळवणं सुरू झाली. मीही मुलीसाठी साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. पाण्याच्या टाकीवर पत्रा होता, तो चांगला तापायचा, त्यावर जुनी साडी अंथरून पापड्या पसरल्या. शेजारी जागा उरली होती. रंगवलेले पंख घरात पंख्याखाली दोन दिवस पडून होते, हात लावला तर अजून चिकटायचे. मी म्हटलं, ओलं आहे ना, मग उन्हात घालू, दुपारी उलटं करू, संध्याकाळी कडक. मला साठ वर्षं हेच माहीत. ओली वस्तू आणि ऊन. दोन्ही पंख, शेपटीचे तुकडे, सगळं ओळीनं साडीवर मांडलं, कडेला खडे ठेवले आणि खाली येऊन आडवी झाले.

तीन वाजता उलटायला गेले. पापड्या सुरेख वाळल्या होत्या. पंखांची टोकं वर वळली होती, शेपटीचा एक तुकडा तर पन्हाळीसारखा झाला होता. शेजारच्या फ्लॅटमधली बाई तिच्या कुरडया उचलत होती.

"आजी, ही हो कसली कुरडई? राखाडी?"

"तळून बगा, सांगते मग," मी म्हटलं. माझं डोकं जाग्यावर नव्हतं.

लपवायचा विचार आला. पण वीत-वीत लांबीचे पंख लपवणार कुठं. पदरात घेऊन खाली आले आणि मालकांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी बघितलं. मग तोंडातून जे आलं ते हिंदीत होतं आणि लिहिण्यासारखं नाही. व्यायामानं आवाज सुधारलाय हे त्या दिवशी कळलं.

"उनात घातलंस?"

"घातलं."

"प्लास्टिक उनात?"

"मग तुमी का न्हाई सांगितलं?"

"मला काय माहीत तू विमानाचं सांडगं घालणार म्हणून!"

मुलगी ऑफिसातून आली, दोघांची तोंडं बघितली, पंख बघितले. "आई, दुसरं मागवते," म्हणाली. "पण यायला महिना लागतो." महिन्यात जत्रा होऊन गेली असती. म्हणजे हेल्मेट बसलं असतं कप्प्यात.

मी रात्रभर विचार वगैरे केला नाही, झोपले. सकाळी भांड्याच्या बाईनं डब्याचं झाकण गरम पाण्यात टाकलं. ते झाकण नेहमी वाकडं होतं, ती गरम पाण्यात टाकते आणि दाबून बसवते. मी बघत राहिले. म्हटलं, जे उन्हानं वाकलं ते पाण्यानं सरळ होईल की.

परातीत कढत पाणी घेतलं, एक पंख बुडवला. पहिल्यांदा पाणी उकळतं होतं, पंखाला लाटा आल्या. मग थोडं निवू दिलं. बोट क्षणभरच ठेवता येईल इतकं. पंख मऊ झाला की ओट्याच्या कडप्प्यावर सपाट ठेवायचा, वर पोळपाट उलटा, आणि पोळपाटावर पाण्यानं भरलेला पाच लिटरचा कुकर. गार होईपर्यंत हलवायचं नाही. त्या दिवशी जेवण उशिरा झालं, कारण कुकर अडकलेला. एका पंखाला तीनदा केलं, दुसऱ्याला पाचदा. शेपटीचा तुकडा सहज आला. रंग सगळा फुगून निघाला. तो खरवडला, घासला, परत उभा हात, आडवा हात. या वेळी पंख मुलीच्या कपाटात वाळले, बंद दारामागं, चार दिवस.

मालकांनी पट्टी लावून बघितलं. म्हणजे पट्टी मी लावली, त्यांनी बघितलं. "चालंल," म्हणाले. मी ते ऐकून दुसऱ्या खोलीत जाऊन हसले.

चालंल म्हटल्यावर मला जोर आला, आणि जोरात दुसरी चूक केली. विमानाचं अंग दोन फाकांचं असतं, शेंगेसारखं. त्या फाका मिटवायच्या होत्या. मालक मुलीबरोबर मिरजेला व्यायामाला गेले होते. कागदावर नाकाजवळ एक छोटा गोळा काढलेला होता आणि त्याच्यापुढं आकडा. तसा तुकडा चौकटीत कुठंच नव्हता. मला वाटलं छापताना पडलेला डाग असेल. वाट बघायची सोडून मी फाका मिटवल्या, रबर लावून घट्ट केल्या. ते आले तोवर एकजीव झालं होतं.

पंख, शेपटी, चाकं, मालकांनी मोडलेला पुढचा पायसुद्धा, सगळं लागल्यावर विमान टेबलावर ठेवलं, आणि ते मागं बसलं. पुढचं चाक हवेत, शेपूट टेबलावर. हातानं पुढं दाबलं की टेकायचं, हात काढला की पुन्हा बसायचं, म्हशीसारखं.

मालकांनी कागद मागितला, त्या गोळ्यावर कापरं बोट ठेवलं. "हे वजन हाय. नाकात घालायचं व्हतं."

"मग आता?"

"आता काय. रिजेक्ट."

मुलगी म्हणाली, "आबा, शेपटीखाली बारीक पारदर्शक काडी लावू. कुणाला दिसणार पण नाही."

"विमानाला काठी?" मालक तिच्यावर खेकसले. "काठी मला हाय. विमानाला नको."

मी वजनाचा विचार करायला लागले. आधी किती लागतं ते बघायचं होतं. मळलेल्या कणकेचा एक गोळा घेऊन विमानाच्या नाकावर थापला. हललं नाही. अजून थोडी. मग त्यात खिळे, नाणी, जे सापडेल ते खोचत गेले. शेवटी नाक हळूच खाली आलं. एवढं वजन लहान जागेत मावायला जड वस्तू पाहिजे, शिसंच पाहिजे. शिसं कुणाकडं असतं? मासे धरायच्या जाळ्याला शिशाचे मणी लावतात, म्हणजे जाळेवाल्याकडं.

मुलीनं रविवारी स्कूटीवर मागं बसवून कृष्णेच्या घाटावर नेलं. एकजण जाळं दुरुस्त करत बसला होता.

"दादा, शिसं हाय का थोडं?"

"हाय की मावशी. जाळं विणताय व्हय?"

"न्हाई. विमानाच्या नाकात घालायचंय."

त्यानं मुलीकडं बघितलं. मुलगी नदीकडं बघायला लागली.

"का, मागं बसतंय काय?" तो म्हणाला.

मला तो माणूस एकदम आवडला. तिकडं सगळे हसतात आणि यानं एका शब्दात दुखणं ओळखलं. मूठभर मणी दिले आणि वर सांगितलं, एकदम पुढं टोकाला घाला, तिथं कमी लागतं.

मणी मी हातोडीनं चेपले, जोंधळ्याएवढे तुकडे केले. पुढच्या चाकाच्या खळग्यात दाभण तापवून भोक पाडलं. तुकडे डिंकात बुडवून एकेक आत ढकलले आणि विमान नाकावर उभं करून पीठ चाळायच्या चाळणीच्या आधारानं ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर ठेवलं. तिन्ही पायांवर उभं राहिलं. टेबल हलवलं, तरी उभं.  मालक स्वतःच उठून चहा सांगायला गेले, भांड्याच्या बाईला.

जत्रेच्या दोन दिवस आधी आम्ही रेल्वेनं निघालो. विमान पुठ्ठ्याच्या खोक्यात, भोवती कापूस, खोकं माझ्या मांडीवर. समोरची बाई बराच वेळ खोक्याकडं बघत होती.

"केक हाय व्हय?"

"विमान हाय."

"असू दे," म्हणाली आणि जरा सरकून बसली.

जत्रेच्या दिवशी सकाळी आम्ही खोलीत गेलो. दीर छातीवर सगळी पदकं लावून, टोपी घालून उभा. खालच्या आळीचा माणूस हेल्मेट काखेत घेऊन दारात, आशेवर. मी विमान काढून टेबलावर ठेवलं. दिराचं तोंड उघडं राहिलं. "वैनी," एवढंच म्हणाला. मला वाटलं, झालं आता. दीर कप्पा पुसायला वळला.

"थांब," मालक म्हणाले.

खाली वाकून डोळा टेबलाच्या पातळीला नेला. मग मला देवळातून दोन उदबत्त्या आणायला सांगितल्या. एक डाव्या पंखाच्या टोकाशी उभी धरायला लावली, एक उजव्या. नखानं खुणा करून दोन्ही शेजारी ठेवल्या. फरक होता. गव्हाच्या दाण्याएवढा.

"डावीकडं कलतंय. डावा पाय आखूड बसलाय."

"कलू दे की, दादा," दीर म्हणाला. "माजा गुडगा बी डावीकडं कलतोय, मी हिंडतोयच की."

"न्हाई."

"आरं काचंमागं ठेवायचंय! उडवायचंय व्हय?"

"माज्या नावानं ठेवायचंय नव्हं? मग न्हाई. पाय काढून परत लावायला पायजे."

"किती येळ?"

"एक दिवस. डिंक वाळाय पायजे."

पालखी निघायची वेळ झाली होती, ताशे सुरू झाले होते. पाहुणे दारात जमले होते. दिरानं माझ्याकडं बघितलं. मला ते विमान मालकांच्या डोक्यात घालावंसं वाटत होतं. शिसं होतं, लागलंही असतं. तीन महिने माझे. ऊन, कुकर, घाट, रेल्वे. आणि गव्हाच्या दाण्यापायी हा माणूस आपला कप्पा सोडतोय. पण ते काठीवर रेलून उभे होते आणि त्यांचा चेहरा असा होता की माझी मुलगी त्या विमानात बसणार असती तर मी त्यांचंच ऐकलं असतं. दिरानं मान हलवली, हेल्मेट आत घेतलं आणि कप्प्यात ठेवलं. खालच्या आळीनं टाळ्या वाजवल्या.

जत्रा झाली. मी मालकांशी दोन दिवस बोलले नाही. मटणाचा रस्सा वाढला, तोंड फिरवून. तिसऱ्या दिवशी सकाळी विमानाचा डावा पाय सुरीनं उचकटला, थोडा बाहेर घेऊन परत लावला, खाली काडेपेटीतल्या काड्या ठेवून वाळू दिला. उदबत्त्या लावून बघितल्या. दोन्ही खुणा जुळल्या.

"आता बरोबर," मालक म्हणाले.

"आता बरोबर, आन् कप्पा कुठाय?"

"घरात ठेवू," म्हणाले, इतक्या बारीक आवाजात की मला दोनदा विचारावं लागलं.

घरात ठेवायला मी बांधलं नव्हतं. खोकं उचललं आणि दिराकडं गेले, त्याला किल्ली घेऊन चल म्हटलं. कपाट खालपासून वरपर्यंत बघितलं. बूट, टोप्या, बाटली, पदकं, मधोमध ते हेल्मेट. सगळं खच्चून भरलेलं. पण हेल्मेटाच्या कप्प्याला वर फळी नव्हती, कपाटाच्या छतापर्यंत मोकळं होतं.

"भावजी, वर काय हाय?"

"वर काय, वैनी. वर हवा हाय."

"मग विमान कुठं असतं?"

दिराला दोन क्षण लागले. मग किल्ली खणाणली आणि तो स्टूल आणायला पळाला.

मणी ओवायचा तंगूस, प्लास्टिकचा बारीक दोरा, होता माझ्याकडं, तो दिसतही नाही. एक फास पंखांच्या पुढं, एक शेपटीकडं. पहिल्यांदा सोडलं तर नाकावर आलं, शिशामुळं, हेल्मेटात तोंड घालतंय असं. पुढचा दोरा वर ओढला, मागचा सैल केला. नाक थोडं खाली राहिलंच. तोवर मालक काठी टेकत येऊन पोचले होते. कुणी सांगितलं त्यांना, माहीत नाही.

मी स्टुलावरून विचारलं, "बगा, काय काय चुकलंय सांगा एकदमच."

ते पार भिंतीपर्यंत मागं गेले. मान तिरकी करून बघितलं. "चाकं खाली हाईत आन् हवेत हाय."

"उतरतंय."

"हं." परत बघितलं. "उतरताना नाक असंच असतं."

"म्हंजी ठीक हाय?"

"ठीक हाय." आणि मी स्टुलावरून एक पाय खाली टाकते तोवर, "पर उतरताना पंखाच्या मागच्या झडपा खाली असत्यात. ह्याच्या वर हाईत."

"भावजी," मी म्हटलं, "कपाट लावा."

दिरानं लावलं.

आता मालक रोज पाच वाजता तिथं जातात. खोलीबाहेर बाक आहे, त्यावर बसतात. कुणी आलं, पाहुणा असो की शाळेची सहल असो, की ते काठी टेकत आत येतात आणि काठीच्या टोकानं काचेतून दाखवतात: हे माल नेणारं, हे पंखे, ही चाकं, आणि ह्याच्या झडपा वर आहेत, त्या खाली पाहिजेत, ही चूक आहे. चूक सांगितल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. लोक मग विचारतात की झडपा कशासाठी, त्या खाली नसल्या तर काय होतं, तुम्हाला कसं कळायचं. मालक सांगतात. आवाज बारीक आहे, म्हणून लोकांना जवळ यावं लागतं. परवा मांडीतल्या लोखंडाच्या बाटलीपुढं कुणीच नव्हतं, सगळे विमानाखाली. दीर दारात उभा राहून किल्ली वाजवत होता, कुलूप लावायची वेळ झाली म्हणून, आणि मालकांचं अजून डाव्या पंख्यापर्यंतच आलं होतं.